वाचकांचे प्रश्न : हिरवी माशी आणि तिच्या टाचेवरचा केस

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे योगायोगाने एकाच कुलातील माश्यांभोवती फिरणारी आहेत, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. एक खुलासा आधीच केलेला बरा. वर्तमानपत्रांत 'जाती' आणि 'प्रजाती' हे शब्द सरमिसळ करून वापरले जातात. येथे 'प्रजाती' म्हणजे परस्परांशी जवळचे नाते असलेल्या अनेक जातींचा गट, आणि अशा अनेक प्रजातींचे मिळून एक 'कुल', असाच अर्थ सर्वत्र धरला आहे.

प्रश्न : डबक्याकाठच्या ओल्या चिखलावर आणि जवळच्या झुडपांच्या पानांवर पाच-सहा मिलिमीटर लांबीच्या, धातूसारख्या हिरव्या चकाकणाऱ्या, उंच पायांवर उभ्या राहणाऱ्या माश्या मला नेहमी दिसतात. मोबाइलवरील ओळख सांगणारे ॲप एका छायाचित्राला 'डोलिकोपस' म्हणते, तर दुसऱ्याला 'कॉन्डिलोस्टायलस'. यांपैकी बरोबर काय?

उत्तर : दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात, कारण दोन्ही छायाचित्रे एकाच माशीची असतील असे नाही. डोलिकोपस आणि कॉन्डिलोस्टायलस या डोलिकोपोडिडी कुलातल्या दोन वेगवेगळ्या प्रजाती आहेत. या कुलात आजवर सात हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांना मराठीत रूढ नाव नसल्याने आपण सोयीसाठी 'लांबपायी माश्या' म्हणू. हिरवा रंग पाहून त्यांना मांसावर बसणाऱ्या हिरव्या माशीची पिल्ले समजणारे अनेक जण भेटतात. पंख फुटलेली माशी पुढे वाढत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी हा गैरसमज दूर होतो.

प्रथम कुलाची खात्री करावी. पंखावरील शिरा यासाठी सर्वांत विश्वासार्ह ठरतात. पुढच्या भागातील लहान आडवी शिरा पंखाच्या मुळाच्या अगदी जवळ असते, आणि इतर अनेक माश्यांमध्ये एका आडव्या शिरेमुळे वेगळ्या झालेल्या मधल्या दोन कोठड्या येथे एकच झालेल्या असतात. नर असेल तर उदराचे टोक बहुधा खालून पुढे वळलेले दिसते. अंगाची चकाकी रंगद्रव्याची नसून कवचातील अतिपातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते, त्यामुळे कोन बदलला की हिरव्याचे तांबूस किंवा निळसर होते. म्हणून छायाचित्रातील रंगछटेवर ओळख बेतू नये.

कुल ठरल्यावर तुमच्या दोन नावांचा प्रश्न पंखावरच सुटतो. पंखाच्या पुढच्या बाजूकडून मोजलेली चौथी लांब शिरा कडेकडे जाताना दुभंगत असेल आणि तिची वरची शाखा झटकन पुढे वळत असेल, तर माशी सायापोडिनी या उपकुलातील समजावी. कॉन्डिलोस्टायलस त्याच उपकुलातील असून तिच्या डोक्याचा माथा दोन डोळ्यांच्या मध्ये खोल खचलेला असतो. ही शिरा न दुभंगता हलकेच बाक घेऊन कडेला पोहोचत असेल, तर डोलिकोपसची शक्यता विचारात घ्यावी. उष्ण प्रदेशांत रुंद पानांवर चपळाईने धावणाऱ्या बहुतेक हिरव्या लांबपायी माश्या सायापोडिनी निघतात, तर डोलिकोपसच्या सहाशेहून अधिक जातींपैकी बहुसंख्य उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण आणि थंड भागांत आढळतात. चिखलावरची माशी आणि पानावरची माशी वेगळी असण्याची शक्यता त्यामुळे बरीच आहे. मात्र स्थळावरून अंदाज बांधता येतो, निर्णय करता येत नाही.

प्रश्न : ओळख-तक्त्यात डोलिकोपस आणि हर्कोस्टोमस या प्रजाती वेगळ्या करताना एकच प्रश्न विचारलेला आहे : मागच्या पावलाच्या पहिल्या पेराच्या पाठीवर राठ केस आहेत की नाहीत? एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर संपूर्ण प्रजाती उभी करणे मला मनमानीचे वाटते. हे वर्गीकरण आहे की केवळ सोय?

उत्तर : आपल्या शंकेचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही, कारण तक्त्यातील त्या एका प्रश्नाची दोन उत्तरे दिसायला सारख्या वजनाची असली तरी त्यांचे मोल सारखे नाही.

आधी तो केस कोठे पाहावा हे सांगतो, कारण बहुतेक चुका तेथेच होतात. माशीच्या पावलाला पाच पेरे असतात. शेवटच्या पेराला नख्या असतात, तेव्हा नख्यांपासून मागे मोजत यावे. पाचवे मोजलेले पेर म्हणजे नडगीला जोडलेले पहिले पेर, ज्याला आपण टाच म्हणू. नडगीच्या टोकालाही दणकट राठ केस असतात आणि नवशिक्या निरीक्षकाला ते टाचेवरचे वाटतात. डोलिकोपसमध्ये मागच्या टाचेच्या पाठीवर एक किंवा अधिक ठळक, उभे राठ केस असतात. हर्कोस्टोमसमध्ये तेथे केवळ बारीक लव असते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून हे स्पष्ट दिसते. शिवाय केस तुटलेला असला तरी त्याची खोबण राहते. मी स्वतः एकदा, जुन्या संग्रहातील टाचणीवर टोचलेली एक माशी या केसाअभावी हर्कोस्टोमस ठरवून मोकळा झालो होतो. पुढे दुसऱ्या कामासाठी ती सूक्ष्मदर्शकाखाली आली तेव्हा टाचेवर दोन रिकाम्या खोबणी स्वच्छ दिसल्या, आणि चिठ्ठी बदलावी लागली.

आता मूळ मुद्दा. एखादे नवे वैशिष्ट्य असणे आणि ते नसणे यांत वर्गीकरणाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. टाचेवरचा राठ केस या कुलातील बहुसंख्य माश्यांमध्ये नसतो. म्हणजे तो कोणा पूर्वजात नव्याने उद्भवला आणि वंशजांकडे आला, असे मानण्यास जागा आहे. तो ज्यांच्याकडे आहे त्या जाती एकाच घराण्यातील असण्याची शक्यता वाढते, आणि नरांच्या जननांगांची ठेवण, डोळ्यांमागील केसांची ओळ, मांडीच्या टोकाजवळचा एकच ठळक केस अशी इतर लक्षणेही त्याला जोड देतात. याच्या उलट, केस नसणे ही जुनी, मूळची स्थिती आहे. ती कोणाकडेही असू शकते. ज्यांच्याकडे केस नाही ते सगळे एकमेकांचे नातलग आहेत असे म्हणणे म्हणजे ज्यांच्याकडे दागिना नाही ते सगळे एकाच घरचे, असे म्हणण्यासारखे आहे.

हर्कोस्टोमसचे दुखणे हेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यांतील पुष्कळ जाती डोलिकोपसमध्येच गणल्या जात. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हर्मान लोव्ह यांनी 1857 मध्ये या गर्दीतून हर्कोस्टोमस आणि जिम्नॉप्टर्नस या प्रजाती वेगळ्या काढल्या. जिम्नॉप्टर्नस या ग्रीक घडणीच्या नावातून 'उघडी टाच' असाच अर्थ निघतो, तेव्हा लोव्ह यांची नजर नेमकी कोठे होती ते नावच सांगते. पुढच्या काळात जिम्नॉप्टर्नसला अनेकांनी हर्कोस्टोमसची उपप्रजाती केले, आणि टाचेवर केस नसलेली, पण दुसऱ्या कोणत्याही प्रजातीत नीट न बसणारी प्रत्येक नवी जाती हर्कोस्टोमसमध्ये टाकण्याची सवय पडली. असे करत तेथे शेकडो जाती जमल्या. कोणी मुद्दाम चूक केली असे नव्हे, तक्त्यातील 'नाही' या उत्तराची वाट तेथेच जात होती. 2005 मध्ये स्कॉट ब्रुक्स यांनी डोलिकोपोडिनी या उपकुलातील, म्हणजे डोलिकोपस आणि हर्कोस्टोमस ज्यात मोडतात त्या उपकुलातील, प्रजातींचा जगभरच्या नमुन्यांवरून फेरविचार केला, तेव्हा लक्षणांच्या एकत्रित तुलनेत हर्कोस्टोमस एका घराण्याची ठरली नाही आणि जिम्नॉप्टर्नस स्वतंत्र प्रजाती म्हणून पुन्हा उभी राहिली.

म्हणून आपल्या प्रश्नातील 'सोय' हा शब्द मी अर्धा मान्य करतो. डोलिकोपस हे नाव बऱ्याच अंशी नात्याचे आहे. हर्कोस्टोमस हे नाव, निदान जुन्या व्यापक अर्थाने, कपाटातील त्या खणासारखे आहे ज्यावर आपण 'इतर' अशी चिठ्ठी लावतो. तक्ता दोघांकडे एकाच पायरीवरून नेतो, कारण तक्त्याचे काम नमुन्याला नाव मिळवून देणे एवढेच असते आणि नाते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. तक्त्याच्या फांद्या म्हणजेच वंशवृक्षाच्या फांद्या असा समज करून घेतला, की अशी शंका येणारच.

प्रश्न : माझ्या खिडकीच्या काचेवर येणाऱ्या माश्या अगदी अशाच हिरव्या आहेत, पण जेमतेम दोन मिलिमीटरच्या. त्या डोलिकोपसची लहान जाती असू शकतील का?

उत्तर : शक्यता कमी आहे. डोलिकोपसच्या बहुतेक जाती तीन ते सात मिलिमीटरच्या दरम्यान असतात. दोन मिलिमीटरची, आखूड शरीराची, हिरवी लांबपायी माशी दिसली तर प्रथम क्रायसोटस तपासावी. ही प्रजाती मायगेन यांनी 1824 मध्ये स्थापन केली आणि ती डायाफोरिनी या वेगळ्या उपकुलात मोडते. तिच्यात नराचे जननांग लहान असून उदराच्या टोकात जवळजवळ लपलेले असते, तर डोलिकोपसच्या नरात ते मोठे, देठावर असल्यासारखे आणि उदराखाली पुढे दुमडलेले असते. अनेक क्रायसोटस नरांचे डोळे शृंगिकांच्या, म्हणजे डोक्यावरील मिशांसारख्या स्पर्शेंद्रियांच्या, खाली चेहऱ्यावर एकमेकांना टेकतात किंवा टेकण्याइतके जवळ येतात. मागची टाच अर्थातच बिनकेसांची असते. क्रायसोटसच्या जाती वेगळ्या करणे मात्र फार किचकट काम आहे, आणि छायाचित्रावरून ते करून देण्याचे आश्वासन मी कोणालाही देणार नाही.

प्रश्न : डोलिकोपस हे नाव कोणी दिले? या माश्यांचे पाय लांब असले तरी पावले काही विशेष लांब दिसत नाहीत. आणि पुढे ही प्रजाती मोडून तिचे तुकडे केले, तर हे नाव कोणाच्या वाट्याला जाईल?

उत्तर : ग्रीक भाषेत 'डोलिकोस' म्हणजे लांब आणि 'पूस' म्हणजे पाऊल किंवा पाय, तेव्हा दोष नावाचा नसून आपल्या भाषांतराचा आहे. नाव दिले ते फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ पिएर आन्द्रे लात्रेय यांनी, 1796 मध्ये. राज्यक्रांतीच्या धामधुमीत धर्मगुरू म्हणून तुरुंगात पडलेल्या लात्रेय यांची सुटका कोठडीत सापडलेल्या एका भुंगेऱ्यामुळे झाली, ही हकीकत कीटकशास्त्राच्या वर्तुळात नेहमी सांगितली जाते. त्यानंतर लवकरच प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात कीटकांच्या प्रजातींची लक्षणे दिलेली होती, पण त्या प्रजातींत कोणत्या जाती मोडतात त्यांची नावे दिलेली नव्हती. आजच्या नियमांनुसार हे अपुरे वाटेल. प्रत्येक प्रजातीच्या नावाला एक आधारभूत जाती, म्हणजे नमुनाजाती, असावी लागते. डोलिकोपसच्या बाबतीत ती नंतर निश्चित झाली : लिनीयस यांनी 1758 मध्ये 'मस्का उंग्युलाटा' या नावाने नोंदवलेली माशी, जी आज डोलिकोपस उंग्युलाटस म्हणून ओळखली जाते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. उद्या कोणी या सहाशेहून अधिक जातींचे चार गट केले, तर ज्या गटात उंग्युलाटस राहील त्यालाच डोलिकोपस हे नाव मिळेल, मग तो गट सर्वांत लहान का असेना. बाकीच्या गटांसाठी आधीच कोणी सुचवलेले आणि नंतर बाजूला पडलेले योग्य नाव उपलब्ध असेल तर ते पुन्हा वापरात येईल, नाहीतर नवे द्यावे लागेल. कुलाचे डोलिकोपोडिडी हे नावही याच प्रजातीच्या नावावरून पडलेले असल्याने तेही तिच्यासोबत बांधलेले आहे. यासाठी कोणत्याही मतदानाची गरज पडत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी जाळ्याने चौदा डोलिकोपस पकडल्या. टाचेवरचे केस तपासले आहेत, प्रजातीबद्दल शंका नाही. पण चौदापैकी अकरा माद्या आहेत आणि तक्ता त्यांना जातीपर्यंत नेत नाही. डीएनए तपासल्यास प्रश्न कायमचा सुटेल का?

उत्तर : तक्त्याने आपल्याला अर्ध्यावर सोडले यात आपला दोष नाही. या प्रजातीतील जाती प्रामुख्याने नरांवरून ओळखल्या जातात, आणि त्यामागे कारण आहे. नर मादीसमोर पाय आणि पंख यांचे प्रदर्शन करतात, आणि हे अलंकार जातीगणिक वेगळे असतात. उदाहरणार्थ, 1763 मध्ये स्कोपोली यांनी वर्णन केलेल्या डोलिकोपस प्लुमिपेस या जातीच्या नराच्या मधल्या पायाच्या टाचेवर पिसासारखी झालर असते. नावाचा अर्थही 'पीसपाय्या' असाच होतो. इतर काही जातींत पुढच्या किंवा मधल्या पावलाची शेवटची पेरे चपटी होऊन काळ्या निशाणासारखी दिसतात. याखेरीज नराच्या उदराच्या टोकाशी फिकट रंगाच्या, गडद किनारीच्या दोन पाकळ्या असतात. त्यांचा आकार आणि काठावरचे दात यांवर तक्त्याची बरीच भिस्त असते. उंग्युलाटससारख्या काही नरांचे पाय मात्र अगदी साधे असतात. माद्यांकडे यांतले काहीच नसते.

तरीही त्या अकरा माद्या निरुपयोगी नाहीत. नर आणि मादी दोघांतही आढळणारी लक्षणे आधी लिहून काढा : मांड्या पिवळ्या की काळ्या, डोळ्यांमागच्या ओळीतील खालचे केस फिकट की काळे, पंखाच्या मुळाशी असलेल्या पाळीची झालर कोणत्या रंगाची, शृंगिकांचा पहिला भाग पिवळा की काळा. जुने आणि नवे, जवळजवळ सर्व तक्ते या प्रश्नांनीच सुरू होतात. 1921 मध्ये व्हॅन ड्यूझी, कोल आणि ऑल्ड्रिच यांनी उत्तर अमेरिकेतील डोलिकोपसचा जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचीही मांडणी अशाच रंगभेदांवर उभी आहे. मग त्याच जागी, त्याच दिवशी मिळालेल्या आपल्या तीन नरांशी माद्यांची जुळणी करून पाहा. जी मादी कोणत्याही नराशी जुळत नाही तिच्या चिठ्ठीवर 'डोलिकोपस, जाती अनिश्चित, मादी' असे लिहावे. अशी चिठ्ठी अपुरी असली तरी खोटी नसते, आणि तपासनीसालाही ती ओढूनताणून दिलेल्या नावापेक्षा अधिक आवडावी.

डीएनएविषयी थोडे सावध उत्तर देतो. मादीची नराशी जुळणी करण्यासाठी तो उत्तम मार्ग आहे, आणि त्यासाठी पेशीतील तंतुकणिकांच्या सीओआय जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा बहुधा वापरतात. पण त्या तुकड्याची तुलना करण्यासाठी योग्य ओळखलेल्या नरांचे क्रम आधीच उपलब्ध असावे लागतात, आणि ते नर कोणी तरी टाच आणि पाकळ्या पाहूनच ओळखलेले असतात. प्रजातींमधील जुन्या नात्यांसाठी हा एकटा तुकडा दुबळा पडतो, कारण त्यात बदल भराभर होतात आणि जुन्या बदलांवर नवे चढत जातात. तरी 2007 मध्ये युरोपातील जातींवर झालेल्या एका रेण्वीय अभ्यासात डोलिकोपस आणि जिम्नॉप्टर्नस या प्रजाती आपापल्या जागी एकसंध आढळल्या, आणि हर्कोस्टोमसच्या जाती मात्र वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरल्या. वरच्या पत्रलेखकाने ज्या केसाला क्षुल्लक म्हटले, त्याच्या बाजूने जनुकांनीही साक्ष दिली.

प्रश्न : ओळखीसाठी नमुना किंवा छायाचित्र पाठवायचे असल्यास ते कसे असावे?

उत्तर : छायाचित्र पाठवणार असाल तर एकच सुंदर छायाचित्र पाठवू नका, चार साधी पाठवा. एक मागच्या पायाचे, बाजूने घेतलेले, ज्यात नडगीचा शेवट आणि टाच दोन्ही स्पष्ट असतील. दुसरे पंखाचे, शिरा मोजता येतील असे. तिसरे चेहऱ्याचे, समोरून. चौथे उदराच्या टोकाचे, बाजूने. पाठीवरून घेतलेली चमकदार छायाचित्रेच आमच्याकडे सर्वाधिक येतात, आणि त्यांत नेमके हे चारही भाग दिसत नाहीत.

नमुना ठेवायचा असेल तर आकाराच्या अभ्यासासाठी सत्तर ते ऐंशी टक्के अल्कोहोल पुरते. डीएनए तपासायचा विचार असेल तर पंचाण्णव टक्क्यांचे घ्यावे, मात्र त्यात पाय ठिसूळ होतात आणि हलवाहलवीत गळतात. अल्कोहोलमधून काढून माशी तशीच हवेवर वाळवू नये, कारण डोळे आणि उदर आत खचतात आणि चेहऱ्यावरील राखाडी भुकटीसारखा थर, जो काही जातींत महत्त्वाचा असतो, चिकटून दिसेनासा होतो. ती ओलीच ठेवून काचेच्या बशीत अल्कोहोलखाली पाहावी, आणि मागच्या दोन्ही टाचा तपासाव्यात, कारण एका बाजूचा केस गळालेला असला तरी दुसऱ्या बाजूचा बहुधा शाबूत असतो.